बुटासकट

"बूट काढा."

कॉम्प्युटर लॅबच्या दारात सर उभे होते. एका हातात हजेरीचं पान, दुसरा हात काचेच्या दारावर. आतून एसीची गार हवा येत होती. माझ्यामागे वर्गातली मुलं चपला काढून लाकडी फळीवर लावत होती.

मी म्हटलं, "सर, हे बूट वेगळे निघत नाहीत. कॅलिपरला जोडलेले आहेत."

"मग कॅलिपर काढा."

"काढले तर मला उभं राहता येत नाही."

"नियम सगळ्यांना सारखा," सर म्हणाले. "चला, मागचे खोळंबलेत."

मी भिंतीला टेकून खाली बसले. कॅलिपर म्हणजे पायाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या, गुडघ्याला आणि मांडीला चामड्याचे पट्टे, खाली बुटाच्या टाचेत ठोकलेलं टोक. मांडीचा पट्टा सोडायला सलवार वर करावी लागते. मुलं बघत होती. मेधा नावाची एक मुलगी, नुकतीच ओळख झालेली, पुढे आली आणि तिनं ओढणी पडद्यासारखी धरली. मी पट्टे सोडले. दोन्ही कॅलिपर बुटांसकट चपलांच्या फळीवर ठेवले. कुबड्या शेजारी. मग हातांवर भार देऊन, बसल्या-बसल्या सरकत, मी आत गेले.

आत फरशी चकचकीत होती. प्रत्येक कॉम्प्युटरवर शिवलेली खोळ, देवघरातल्या पोथीवर असते तशी. माझी जागा शेवटच्या रांगेत. सगळ्या रांगा ओलांडून गेले. कोणी हसलं नाही. सगळ्यांनी पाय तेवढे आत घेतले. मेधानं काखेत हात घालून मला खुर्चीवर ओढलं. सरांनी फळ्यावर पहिला प्रोग्राम लिहायला घेतला.

मी अठरा वर्षांची होते. कॉलेजचा पहिला आठवडा होता. अभ्यासक्रम दोन वर्षांचा.

पुढची दोन वर्षं, प्रॅक्टिकल असेल त्या प्रत्येक दिवशी, मी अशीच आत गेले. इतकी स्वच्छ फरशी मी पुन्हा कुठे पाहिली नाही. रोज माझ्या सलवारीनं ती पुसली जायची.

आज मी एका आयटी कंपनीत काम करते. दुसऱ्यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर तपासायचं आणि ते कुठे फसवतंय ते शोधायचं, हे माझं काम. संशय घेण्याचा मला पगार मिळतो. घरी, ऑफिसात, प्रवासाला, सगळीकडे मी याद्या करते. नव्या ठिकाणी जायचं तर आधी फोन करून विचारते. पायऱ्या आहेत का? उंबरा केवढा? फरशी गुळगुळीत की खरबरीत? बाथरूमचं दार बाहेर उघडतं की आत? पुण्यात पहिल्या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असतं. "फार नाहीत हो." म्हणजे आहेत.

हा स्वभाव मी जन्माला घेऊन आले नव्हते. तो मला लॅबच्या दारात मिळाला.

आमचं घर खडकीला होतं, सरकारी क्वार्टरमध्ये. बाबा दारूगोळ्याच्या कारखान्यात कामगार. मूळचे भंडाऱ्याकडचे. नोकरीसाठी आले, इथेच राहिले. मी लहान असताना पोलिओ झाला, दोन्ही पायांना. बाबा मला स्कूटरवर मागे बसवून, कुबड्या आडव्या बांधून कॉलेजला सोडायचे. कॉलेज कोथरूडच्या वाटेवर, नामांकित. तेव्हा पुण्यात जो तो कॉम्प्युटरच्या मागे होता. गल्लोगल्ली क्लास निघाले होते, गच्चीवर पत्रे टाकून. शेजारच्या बायका आईला म्हणायच्या, "हिच्यासाठी चांगलं आहे, बसून काम." मलाही तसंच वाटायचं. ही एकच लाइन अशी होती की जिथे माझे पाय कोणी विचारणार नाही.

आणि नेमकं तिथेच दारात पाय विचारले.

धुळीमुळे मशीन बिघडतं, म्हणून बूट बाहेर. त्या काळी सगळीकडे हा नियम होता. आमच्या वर्गात तर बुटांमधून व्हायरस येतो असं मानणारी मुलंही होती. मी घरी सांगितलं तेव्हा बाबांना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांच्या कारखान्यातही आत जाताना बूट बदलावे लागत. खिळा असलेला बूट चालत नसे. ठिणगी पडली तर माणसं मरतील.

"नियम असतो तो कशासाठी तरी असतो, बाई," बाबा म्हणाले. "मशीन महागाचं आहे."

आईनं जुन्या चादरीच्या दोन खोळी शिवल्या, बुटांवरून घालायच्या. कापड फरशीवर घसरेल म्हणून खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावला. तिच्या बोलीत म्हणाली, "हे घालून जाय. कॉम्प्युटरले खोळ चालते, तर बुटाले काहून नाही?"

सरांनी खोळी हातात घेतल्या, उलटसुलट पाहिल्या आणि परत दिल्या. "उद्या सगळेच खोळी शिवून आणतील. मग मी काय करू?"

सगळ्यांना पाय होते. खोळी कोण कशाला शिवणार होतं? पण ते मला तेव्हा सुचलं नाही. चांगली उत्तरं मला नेहमी घरी पोचल्यावर सुचायची. मी पुन्हा भिंतीला टेकून बसले.

चपलांच्या फळीवर माझे कॅलिपर उभे असायचे. एकदा बाहेर आले तर एका बुटात कोणीतरी कागदाची फुलं खोचली होती. मुलं जिन्यात थांबली होती, माझा चेहरा बघायला. मी फुलं काढली, पट्टे बांधले. त्या दिवसापासून लॅबमध्ये माझं निम्मं लक्ष बाहेर असायचं. आपले पाय दुसऱ्याच्या ताब्यात आहेत हे डोक्यात ठेवून प्रोग्राम लिहून बघावा.

कॉलेजात माझं कौतुकही होतं, हे सांगितलं पाहिजे. दुसऱ्या वर्षी स्नेहसंमेलनात माझा सत्कार झाला. शाल, नारळ. प्राचार्य भाषणात म्हणाले, "हिच्या जिद्दीपुढे आपण सगळे अपंग आहोत." टाळ्या. त्यांच्या शेजारी लॅबचे सर. तेही टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल होतं. त्याच सरांनी दार अडवून नेहमीप्रमाणे फळीकडे बोट दाखवलं.

तेव्हापासून कोणी माझं कौतुक करायला लागलं की मी आधी दार कुठे आहे ते बघते.

मग तो दिवस आला. कॉलेजात एका मोठ्या कंपनीची माणसं येणार होती. ती पसंत पडली तर आमच्या मुलांना थेट नोकऱ्या मिळणार होत्या. लॅबला फुलांचं तोरण. आम्हाला आधीच आत नेऊन बसवलं. मी सरकत माझ्या जागेपर्यंत पोचले, पण मेधा त्या दिवशी आली नव्हती. खुर्चीवर चढवायला कोणी नाही. म्हणून मी खुर्चीच्या पायाशी, फरशीवरच बसून राहिले.

दार उघडलं. प्राचार्य, सर आणि चार-पाच पाहुणे. त्यांतले एक गृहस्थ सभ्य असावेत. बाहेरची फळी बघून ते वाकले आणि नाडी सोडायला लागले.

सर धावत पुढे गेले. "राहू द्या सर, राहू द्या. चालतं."

चालतं.

ते सगळे बुटांसह आत आले. मी फरशीवर होते, त्यामुळे मला चेहरे दिसले नाहीत, बूट दिसले. काळे, तपकिरी, पॉलिश केलेले. एकाच्या टाचेला बाहेरच्या बागेतली ओली माती होती. ती माती माझ्या हातापासून वीतभर अंतरावर पडली. बूट माझ्यापाशी थांबले. वरून प्राचार्यांचा आवाज आला. "ही आमची एक अत्यंत जिद्दी विद्यार्थिनी."

"व्हेरी गुड," कोणीतरी म्हणालं. बूट पुढे गेले.

कुठलंही मशीन बंद पडलं नाही.

त्या संध्याकाळी मी बाबांना विचारलं, "तुमच्याकडे मोठे साहेब आले, तर तेही बूट बदलतात?"

"बदलतात म्हणजे? दिल्लीहून आला तरी बदलावे लागतात. ठिणगी काय हुद्दा बघते का?"

"आमच्याकडे नाही बदलले."

बाबा वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते खाली केलं. मग म्हणाले, "तरी तू भांडू नको. आपण बाहेरचे लोक. शिकून मोकळी हो."

ते घाबरले होते. पण मला हवं ते मिळालं होतं. ठिणगीला घाबरून केलेला नियम सगळ्यांना लागतो. आमच्या लॅबचा नियम धुळीला घाबरत नव्हता. तो फक्त माणूस बघत होता. पाहुण्याला दार उघडत होता आणि मला खाली बसवत होता. दोन वर्षं मी धुळीवर विश्वास ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं. म्हणाले, "ते पाहुणे होते. तुमची त्यांच्याशी काय तुलना?"

प्राचार्यांकडे लेखी अर्ज दिला. त्यांनी बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, "तुला त्रास होतो, हे आम्हाला समजतं. एक शिपाई देतो. तो तुला आत उचलून ठेवील."

ठेवील. फाइल ठेवतात तसं.

"नको," मी म्हटलं. मी आयुष्यात पहिल्यांदा नको म्हटलं आणि पुढे सॉरी जोडलं नाही.

विद्यापीठाची प्रॅक्टिकल परीक्षा जवळ आली होती. शेवटचं वर्ष. बाहेरचे परीक्षक येणार होते. मी त्या दिवशी लवकर पोचले. लॅबच्या दारात ओल्या फडक्यानं बुटांचे तळ पुसले. त्यावर आईच्या खोळी चढवल्या. कुबड्यांच्या रबरी टोप्याही पुसल्या. आणि उभी राहिले.

सर आले. "हे काय?"

"बूट पुसलेत सर. खोळी घातल्यात. मी आत चालत जाणार."

"बूट काढा, मग या."

"मी बूट काढणार नाही."

"मग परीक्षा?"

"परीक्षेलाच आलेय. बुटासकट."

आत परीक्षक बसले होते. त्यांनी घड्याळ बघितलं आणि आतूनच म्हणाले, "अहो, काय ते लवकर मिटवा." सरांनी मिटवलं. काचेचं दार लावून घेतलं.

मी दारात उभी राहिले. परीक्षा संपेपर्यंत. काचेतून मला माझं मशीन दिसत होतं, खोळ घातलेलं. काखा सोलवटल्या. मेधानं एकदा वळून बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली. तिला दोष देत नाही. तिची परीक्षा चालू होती.

निकालात माझ्या नावापुढे लिहून आलं, गैरहजर.

मी बाबांबरोबर विद्यापीठात गेले. परीक्षा विभागाची खिडकी उंच. मी कुबड्यांवर भार देऊन, मान वर करून बोलत होते. आतल्या गृहस्थांनी कागद बघितला.

"तुम्ही गैरहजर होतात."

"मी दारात उभी होते."

"दारात म्हणजे बाहेर."

"मला आत येऊ दिलं नाही."

"ते कॉलेजला विचारा. आमच्याकडे हजर आणि गैरहजर एवढंच असतं. 'दारात' असा रकाना नाही." मग मागच्या माणसाकडे बघून, "पुढे या."

पायऱ्या उतरताना मी बाबांना म्हटलं, मी केस करणार. ते म्हणाले, "वेडी आहेस का?" आणि मग, जरा वेळानं, "वकील कुठे असतात?"

शनिवार पेठेत एक वकीलबाई होत्या. वयानं मोठ्या, बोलायला तिखट. ऑफिस माडीवर, जिना अंधारा आणि लाकडी. त्या खाली आल्या. तळमजल्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात, मशीनच्या खडखडाटात, आमच्या बैठका झाल्या.

पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "माझ्याकडेही जिनाच आहे. उद्या माझ्यावर केस करा. आधी त्यांच्यावर करू." मग विचारलं, "तुम्हाला परीक्षा पाहिजे, की नियम बदलून पाहिजे? परीक्षा सोपी आहे. नियम अवघड आहे."

"दोन्ही."

"वाटलंच," त्या म्हणाल्या. "अहो दुकानवाले, दोन स्टुलं द्या. हे लांबणार."

अपंगांसाठीचा कायदा तेव्हा नवा होता. तो झालाय हे विद्यापीठाला माहीत नव्हतं, किंवा माहीत आहे असं ते दाखवत नव्हते. दोन्ही शक्य आहे. विद्यापीठ आणि कॉलेज, दोघांविरुद्ध उच्च न्यायालयात अर्ज गेला. वकीलबाई म्हणाल्या, साक्षीला वर्गातलं कोणी आणा. मी सात-आठ जणांना विचारलं. सगळे म्हणाले, "आम्ही नीट पाहिलं नाही." कंपनीच्या मुलाखती तोंडावर होत्या. दोन वर्षं माझ्यासाठी पाय आत घेणाऱ्यांनी काहीच पाहिलं नव्हतं.

कॉलेजचं उत्तर आलं. वकीलबाईंनी ते दुकानात मोठ्यानं वाचलं. "सदर विद्यार्थिनी दोन वर्षे स्वेच्छेने पादत्राणे काढून प्रयोगशाळेत येत असे. तिने कधीही तक्रार केली नाही. तिच्यासाठी शिपायाची सोय देऊ केली असता ती तिने नाकारली." सोबत सत्काराचा फोटो जोडला होता. त्यात मी हसत होते. खाली लिहिलं होतं, संस्था अपंग विद्यार्थ्यांना किती सन्मानानं वागवते, याचा पुरावा.

मला ती शाल आठवली. ती देताना त्यांच्या डोक्यात केस नव्हती, हे मला कळतं. पण सन्मान देऊन ठेवला की पुढे हक्क मागणारा कृतघ्न ठरतो, हे त्यांना नक्की माहीत होतं. पुण्यात ते सगळ्यांना माहीत असतं.

मग एका रविवारी प्राचार्य स्वतः खडकीला आले. बरोबर लॅबचे सर. हातात पिशवी. क्वार्टरच्या दारात प्राचार्य वाकले, बुटाची नाडी सोडायला.

बाबा धावले. "राहू द्या सर, राहू द्या. चालतं."

मी आतून ऐकलं. तेच शब्द. माझ्या बापाच्या तोंडून. मला त्या क्षणी जेवढी लाज वाटली, तेवढी लॅबच्या फरशीवरही वाटली नव्हती.

प्राचार्यांनी पाय आत टाकला होता. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, हात पदराला पुसत. "काहून राहू द्या? आताच फरशी पुसली म्या. काढा."

प्राचार्य पुन्हा मागे गेले. सरही. दोघांनी एकमेकांच्या खांद्याला धरून बूट काढले. मी खुर्चीवर बसले होते, बुटासकट. माझं घर होतं.

पिशवीतून शाल निघाली. आणि एक टाइप केलेला कागद. केस मागे घ्यायची. बदल्यात कॉलेज विद्यापीठाला शिफारस करील की सदर विद्यार्थिनीची परीक्षा, विशेष बाब म्हणून, सहानुभूतीपूर्वक, बुटांसह घेण्यात यावी. ती लगेच होईल. निकाल मुलाखतींच्या आत लागेल.

"सही कर," प्राचार्य म्हणाले. आवाज मऊ. "तुझं वर्ष वाचतंय, नोकरीही मिळेल. मी स्वतः शब्द टाकीन."

बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा मी विसरलेले नाही. त्यांनी मला स्कूटरवरून किती वेळा नेलं-आणलं, ते सगळं त्या चेहऱ्यावर होतं.

मी पेन घेतलं. 'विशेष बाब म्हणून' आणि 'सहानुभूतीपूर्वक' हे शब्द खोडले. 'सदर विद्यार्थिनी' खोडलं. तिथे लिहिलं, 'कॅलिपर, कुबडी किंवा चाकाची खुर्ची वापरणारा कोणताही विद्यार्थी'. कागद परत दिला.

सरांनी वाचलं. "कॉलेजात तुझ्यासारखं दुसरं कोणी नाही."

"का नाही?" मी विचारलं.

प्राचार्य जरा चिडले. "तुझं काम होतंय ना? बाकीच्यांचं तू कशाला बघतेस?"

"कारण विशेष बाब उद्या तुम्ही काढून घ्याल. आणि तोवर मला रोज आभार मानावे लागतील."

त्यांनी कागद घडी करून खिशात घातला. चहा अर्धा ठेवून गेले. शाल टेबलावर राहिली. दुसऱ्या दिवशी बाबा ती परत द्यायला कॉलेजात गेले, तर ऑफिसनं घेतली नाही. "सत्काराची शाल परत घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही," असं सांगितलं. बाबांनी ती काउंटरवर ठेवली आणि निघून आले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुठल्या ऑफिसात पावती न मागता काही ठेवलं.

मुलाखती झाल्या. मेधासह निम्मा वर्ग नोकरीला लागला. काही जण अमेरिकेला गेले. मी घरी, खडकीत, आठवड्यातून एकदा झेरॉक्सच्या दुकानात. कोर्टाचा निकाल लागायला पुढचं वर्षही गेलं. निकाल माझ्या बाजूनं लागला. माझी परीक्षा पुन्हा घ्यायची, अर्जदाराला बुटासकट आत येऊ द्यायचं. मी त्या लॅबमध्ये कुबड्या टेकत चालत गेले. खुर्ची ओढली, बसले. फरशीवर माझ्या कुबडीचे ठसेही उमटले नाहीत.

पण निकालात शब्द होता 'अर्जदार'. एकटी मी. वकीलबाई म्हणाल्या, "परीक्षा मिळाली. नियम राहिला." म्हणजे नको नको म्हणत मी शेवटी विशेष बाबच झाले होते. लॅबबाहेरची 'बूट बाहेर काढा' ही पाटी पुढे कित्येक वर्षं तशीच होती. मग कॉम्प्युटर स्वस्त झाले, घरोघरी आले, टेबलाखाली लाथा खायला लागले, आणि पाटी आपोआप गेली. लोक मला म्हणतात, तुमच्यामुळे बदल झाला. नाही झाला. तो नियम म्हातारपणानं मेला.

हे सगळं आत्ता लिहिण्याचं कारण आहे.

गेल्या महिन्यात मला एका मुलीचा फोन आला. शहरात नुकत्याच सामील झालेल्या एका गावची. घरी शेती, आता थोडी उरलेली. ती पूर्ण अंध आहे. कॉम्प्युटरवर मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरते, कानाला हेडफोन लावून. त्याच विद्यापीठाची विद्यार्थिनी. परीक्षा आता कॉम्प्युटरवर होते. तिला सांगितलंय, सुरक्षिततेसाठी परीक्षेच्या वेळी दुसरं कुठलंही सॉफ्टवेअर चालू ठेवता येणार नाही. नियम सगळ्यांना सारखा.

"मॅडम, ते बंद केल्यावर मला काय दिसणार हाय?" ती म्हणाली. "म्हनत्यात, विशेष बाब म्हनून सरासरी मार्क देतो. आन् एक सत्कार बी ठेवलाय. जाऊ का?"

मी हसले. तिला वाटलं मी तिला हसतेय.

मी तिला खोटा धीर दिला नाही. सांगितलं, सरासरी मार्क घेतलेस तर यंदा सुटशील. नाही घेतलेस तर तुझं वर्ष जाईल. माझं त्याहून जास्त गेलं. तुझ्या मैत्रिणी नीट पाहिलं नाही म्हणतील. आणि सत्काराला गेलीस तर त्या फोटोत हसू नकोस, तो पुढे कोर्टात लागतो.

ती म्हणाली, "मला मार्क नको. मला पेपर पायजे."

तिनं अपंगांच्या आयुक्तांकडे तक्रार दाखल केली आहे. अर्जात 'मला' असं लिहिलं होतं. मी ते बदलायला लावलं. 'वाचक सॉफ्टवेअर वापरणारा कोणताही विद्यार्थी.' या वेळी तो शब्द सुरुवातीपासून आहे. मी तिच्या बाजूनं साक्ष देणार आहे. असली सॉफ्टवेअरं तपासणं हे माझं रोजचं काम आहे. त्या परीक्षेची सुरक्षितता काय आहे ते मी बघितलंय, आणि कुणासाठी ती आधीच सैल केली आहे तेही. परीक्षा चालवणाऱ्या कंपनीची स्वतःची सॉफ्टवेअरं त्या वेळी चालूच असतात. पाहुण्यांसाठी दार आजही उघडतं. त्याचे पुरावे मी काढले आहेत.

माझ्या कंपनीचे विद्यापीठाशी व्यवहार आहेत, त्यामुळे मी साक्ष देणार हे तिथे पोचलं असावं. विद्यापीठाचं परवा मला पत्रही आलं. यशस्वी माजी विद्यार्थिनी म्हणून सत्कार करायची इच्छा आहे. तारीख, सुनावणीच्या आदल्या दिवशीची. मला यात योगायोग दिसत नाही. नाही म्हणून कळवलं. सॉरी जोडलं नाही.

मग सवयीप्रमाणे सुनावणीच्या कार्यालयात फोन केला. "पायऱ्या आहेत का?"

"फार नाहीत हो मॅडम," पलीकडून उत्तर आलं. "आणि शिपाई आहेत ना, उचलून आणतील."

अपंगांच्या तक्रारीची सुनावणी. वरच्या मजल्यावर.

मी मुलीला फोन केला. म्हटलं, नीट ऐक. वेळेच्या आधी पोचायचं. पायऱ्यांपाशी थांबायचं, माझ्या शेजारी. तुला हाताला धरून वर न्यायला कोणी आलं तर जायचं नाही. मला उचलायला आलं तर मी हात लावू देणार नाही. वर लेखी निरोप पाठवायचा, की तक्रारदार आणि साक्षीदार खाली हजर आहेत, सुनावणी खाली घ्यावी.

"आन् ते नाही आले तर?"

"तर आपण तिथेच थांबायचं, ऑफिस बंद होईपर्यंत. आणि त्या दिवशी गैरहजर कोण होतं, ते या वेळी आपण लिहायचं."